गडवाभर पाणी

मथुराबाईंच्या आणि बबनरावांच्या घरांमधल्या नालीत घूस मरून पडली होती, आणि नाली दोघांपैकी कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून ती तशीच पडून होती. घंटागाडीवाल्याने गाडी न थांबवताच सांगितलं, मेलेलं जनावर आपल्याकडे नसते, नगरपरिषदेत फोन करा. नगरपरिषदेतला म्हणाला, उद्या माणूस पाठवतो. उद्या उजाडला, यवतमाळचं एप्रिलचं ऊन नालीवर येऊन बसलं आणि घूस फुगून दुप्पट झाली. वास आधी खिडकीतून आला, मग दाराच्या फटीतून, मग तो कुठून येतो हेच कळेनासं झालं. भाताच्या वाफेत तोच, धुतलेल्या लुगड्यात तोच, स्वतःच्या थुंकीतही तोच. सुनेने, शीलाने, सकाळीच कंटाळून फावडं उचललं होतं. मथुराबाईंनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून नुसता आवाज टाकला. "ठेव ते खाली. मेल्या जनावराले या घरचा हात लागत नाही." शीला म्हणाली, "आई, वासानं जीव चालला ना." "जाऊ दे जीव. जीव गेला त मानसं उचलतीन आपल्याले. पन आपन नाही उचलायचं." शीला दुसऱ्या घरातून आलेली असली तरी हा कायदा तिला लग्नाच्या आधीपासून ठाऊक होता. या घरात मेलेली पालसुद्धा कुणी उचलत नसे. शेजारचा कुणी येईपर्यंत तिच्यावर टोपलं पालथं घालून ठेवत. लोक हसत. हसू देत. लोकांना काय माहीत, टोपल्याखाली काय झाकलं आहे ते.

आणि मग समीक्षा मागच्या दाराने बाहेर आली. नात, मुलाची, धम्मरत्नाची एकुलती एक, पुण्याहून चार दिवस सुट्टीवर आलेली, दुपारी चारच्या ट्रॅव्हल्सने परत जाणारी. दोन्ही हातांत तिने दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवल्या होत्या. ती नालीशी उकिडवी बसली, नाकाला काही न लावता, आणि शेपटी धरून तिने ते उचललं. इथवर असतं तर मथुराबाईंनी आरडाओरडा केला असता, चार शिव्या घातल्या असत्या आणि दुपारपर्यंत सगळं निवलं असतं. पण पोरीने उचललेलं लगेच पिशवीत टाकलं नाही. तिने ते कडेच्या फरशीवर ठेवलं, उताणं केलं, दोन बोटांनी पोट दाबून पाहिलं, कानामागचे केस फाकवले, तिथे कसलेसे बारीक किडे होते ते न्याहाळले, आणि जबडा उघडून आत डोकावली. पोळी भाजली का हे जसं बाई उलटून पाहते, तसं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तोंड वाकडं झालं असतं, एखादी शिसारी आली असती, तर मथुराबाईंना बरं वाटलं असतं.

"आजी, पोटुशी होती वं. पाच-सहा असतीन आत."

"अव माय! फेक ते! फेक आधी!"

"फेकून कसं चालन? कुत्रे ओढतीन रस्ताभर." पोरीने पिशवीला गाठ मारली, ती पिशवी दुसरीत घातली, नालीत चुना मारला. पलीकडे भिंतीवर कोपर टेकून बबनराव उभे होते, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बनियन घातलेले. दारव्ह्याकडची शेती पोरांवर टाकून शहरात राहायला आलेला हा माणूस. वाईट नव्हता, हेच तर वाईट होतं. दिवाळीला चिवड्याचा डबा घेऊन यायचा, चहा प्यायचा, धम्मरत्नाच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात रात्रभर बसला होता. फक्त जेवायला बसा म्हटलं की त्याचा नेमका उपास निघायचा. सोमवारी सोमवारचा, गुरुवारी गुरुवारचा, आणि मंगळवारी बायकोचा. ते म्हणाले, "सुटलो बाप्पा! कालपासून घास उतरून नव्हता राह्यला. आमच्या घरात त कोनाची छाती झाली नाही, पोरी. तुमच्याकडच्याइले कसं…" आणि तिथे त्यांची नजर दारातल्या मथुराबाईंवर पडली. खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. "…म्हन्जे डागदर लोकाइले कसं, सवय असते."

समीक्षा हसून हो म्हणाली. तिला दुसरं अर्धं वाक्य ऐकू आलं होतं. मथुराबाईंना पहिलं.

मग ती नळाखाली हात धुवायला लागली आणि मथुराबाई ते पाहतच राहिल्या. साबण आधी तळव्यांना, मग बोटांच्या बेचक्यांत, मग नखांखाली, मग मनगट, मग कोपरापर्यंत. पुन्हा साबण, पुन्हा तेच, त्याच क्रमाने, आणि तोंडाने कसलंतरी गाणं. हात न पाहता चालले होते. बाईचे हात भाकर थापताना असे चालतात. म्हणजे हे आज पहिल्यांदा नव्हतं. हे रोजचं होतं.  पोरगी हात पुसून, बाटलीतलं स्पिरिट चोळून आत आली, माठातलं पाणी गिलासात घेऊन आजीसमोर धरलं. "घे, किती घाम आला तुले." तिच्या बोटांना त्या दवाखान्याच्या पाण्याचा, स्पिरिटचा वास होता, आणि त्याच्या मागे, खाली, नालीतला तो होताच. मथुराबाईंचा हात मांडीवरून उठला नाही. त्या म्हणाल्या, "ठेव तिथी."

पोरीने गिलास खाली ठेवला आणि बॅग भरायला गेली. तिला कळलं की नाही कोण जाणे. मथुराबाईंना मात्र आपलाच आवाज ऐकून कान बंद करावेसे वाटले. ठेव तिथी. हा आवाज त्यांचा नव्हता. माहेरी, मुकुटबनकडच्या त्या गावात पाटलाच्या घराची मागची पडवी होती, तिथे पाटलीणबाई उभी असे, आणि बाप सरपणाचा भारा आणून द्यायचा तेव्हा तिचा असाच, ना रागाचा ना लोभाचा, आवाज यायचा. ठेव तिथी. मग ती पाणी द्यायची, वरून, ओंजळीत, आणि बाप मान वर करून प्यायचा, कोंबडीसारखा. मथुरी तेव्हा कमरेएवढी होती. तिला त्या पिण्याची गंमत वाटायची. घरी येऊन ती तसंच प्यायचा खेळ खेळायची आणि एकदा बापाने तो खेळ पाहिला.

बापाचा पितळी गडवा अजून या घरात आहे. नागपूरहून दीक्षा घेऊन आला तेव्हा त्याने घरात दुसरं काही बदललं नाही, बदलण्यासारखं काही नव्हतंच. एक रीत तेवढी घातली. घरातून जो कुणी परगावी निघेल त्याने गडवा भरून घरातल्या मोठ्या माणसाला द्यायचा, मोठ्याने अर्धा प्यायचा आणि उरलेला निघणाऱ्याने. वरून नाही. तोंड लावून. काठाला ओठ लागले पाहिजेत. बाप म्हणायचा, आपल्या हातचं पानी आपन पेलो नाही त जगानं कायले प्यावं? बाप गेला, मथुरी लग्न होऊन इकडे आली, गडवा सोबत आला, नवऱ्याने, भीमराज मास्तराने, ही रीत हसत का होईना पाळली. धम्मरत्न पहिल्यांदा नोकरीवर निघाला तेव्हा गडवा, समीक्षा शिकायला परभणीला निघाली तेव्हा गडवा. आज चारच्या गाडीआधी तोच गडवा, त्याच हातांनी. मथुराबाईंनी खाली ठेवलेल्या गिलासाकडे पाहिलं. आज हा घोट जाणार नाही. आणि तो गेला नाही तर पोरगी परत येणार नाही, हेही त्यांना पोटातून कळत होतं. ती बोलणार नाही, भांडणार नाही. दिवाळीला फोन करेल, पुढल्या दिवाळीलाही फोनच करेल. ती बापावर गेली असती तर रडून मोकळी झाली असती. पण ती आपल्यावर गेली होती.

सगळ्या कॉलनीला त्यांनी सांगून ठेवलं होतं, माह्यी नात लस काढते. लस काढते म्हणजे काय, हे त्यांनी आपल्या मनाने बसवलं होतं: पांढरा कोट, काचेच्या बाटल्या, थंडगार खोली, आणि पोरगी त्यात दुधासारखं काहीतरी मोजून भरते. ढोराच्या डॉक्टरकीला तिने नाव घातलं तेव्हा घरात तीन दिवस चूल धुपत होती. हजार वाटा सोडून ढोराकडंच जाते का, कायले आमी सोडलं मंग? तेव्हा समीक्षानेच समजूत घातली होती की आजी, गायी-म्हशीले हात लावनारच नाही, प्रयोगशाळेत बसीन. आणि ते खोटं नव्हतं. गायी-म्हशी नव्हत्याच.

जेवताना विषय निघाला. शीलाने वरण-भात वाढला होता. पोरगी त्याच हाताने भात कालवत होती आणि मथुराबाई तिच्या बोटांकडे पाहत होत्या. पिवळं वरण बेचक्यांतून वर येत होतं. "तिथीबी असंच करते का तू?"

"कसं?"

"हेच. उलटंपालटं करून पाहनं."

"हो. तेच त काम आहे माह्यं."

"लस काढनं काम आहे म्हने."

"अवं आजी, लस कामाची हाये का नाही हे कसं कळन? आधी जनावराले देऊन पाहा लागते." आणि ती सांगायला लागली, भात खात, जसं लहानपणी शाळेतलं सांगायची. एक ताप आहे. पावसाळ्यात मातीच्या भिंतीच्या भेगांत एक बारीक माशी होते, डोळ्यालाही नीट दिसत नाही, ती चावते. पोरं सकाळी खेळतात, दुपारी अंग तापतं, संध्याकाळी झटके येतात, दुसरी सकाळ पाहत नाहीत. मागच्या श्रावणात ती स्वतः एका गावी गेली होती, रक्ताचे नमुने आणायला. चार वर्षांचं पोरगं. आई त्याच्या पायातल्या चपला काढू देत नव्हती, म्हणत होती, उठून लगेच खेळायला जाते तो, राहू द्या. यावर औषध नाही. लसही नाही. "होईन. पन आधी उंदरांत, मंग माकडांत, मंग मानसांत. असंच असते."

"आजारी उंदरं आनता?"

"नाही." घास थांबला. "चांगले असतात. पांढरे. कोवळे पिल्लं असतात, गुलाबी, डोळे न उघडलेले. ताप… आमीच देतो, आजी. सुईनं."

"आमी म्हन्जे?"

"मी देते."

शीला मीठ आणायला म्हणून उठली आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. मथुराबाईंनी ताट दूर सारलं. "आन् ज्याइले लस देली ते?"

"ते जगतात. सगळे नाही. पन जगतात."

"मंग सोडून देता त्याइले."

समीक्षाने हात ताटात तसाच ठेवला. तिला खोटं बोलता आलं असतं. एवढंसं खोटं होतं, वरणात विरघळून गेलं असतं. "नाही," ती म्हणाली. "त्याइलेही मारा लागते. डोक्यात काही राह्यलं का ते उघडून पाहा लागते. दुखू देत नाही आमी. झोपीचं औषध देतो आधी."

मथुराबाई उठल्या, मोरीत गेल्या आणि ओकाऱ्या काढत राहिल्या. काहीच आलं नाही. नुसतं आंबट पाणी, आणि त्या पाण्यातून, इतक्या वर्षांनी, जिभेवर ती चव आली. चान्यांची. उन्हात दोरीवर वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, मीठ लावलेल्या, निखाऱ्यावर टाकल्या की चरबी चटचट करायची. बाप मेलेलं ढोर ओढून न्यायचा, गावाबाहेर, ओढ्याकाठी, मागून बाया टोपली घेऊन, बायांच्या मागून मथुरी. गिधाडं वर फिरायची. त्या दिवशी घरात सण असायचा. मथुरीला चान्या आवडायच्या. आवडायच्या, हे तिने कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, विहारात बायांनी जुन्या गोष्टी काढल्या की ती आधी उठून जायची. मोरीत वाकलेल्या मथुराबाईंच्या तोंडाला आता पाणी सुटलं होतं. ओकारीचं की कशाचं, हे कळत नव्हतं. त्यांना घुशीची किळस आली नव्हती इतकी स्वतःच्या जिभेची आली. खसाखसा चूळ भरली, राखुंडीने जीभ घासली, तरी ती तिथेच. जीभ म्हातारी होत नाही वाटतं. बाकी सगळं होतं.

त्या मोरीतच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डोळ्यांपुढे चावडीचा खांब. त्या उन्हाळ्यात पाटलाचे दोन बैल लागोपाठ मेले होते, आणि गावात कुणीतरी म्हणालं की हे लोक कातड्यासाठी, मांसासाठी विष घालतात. कोण म्हणालं हे शेवटपर्यंत कळलं नाही. असं कुणाला म्हणावं लागत नाही, ते गावात असतंच, भेगेतल्या माशीसारखं. बापाला खांबाला बांधलं. पाटील म्हणत होता, कबूल कर किसन्या, सोडून देतो. खरंच सोडलं असतं. दंड लावला असता, शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मेलेलं ढोर ओढायला तोच लागणार होता. बाप एकच वाक्य बोलत होता: मेलेलं ओढलं, जितं माह्या हातून मेलं नाही. पाठीवर पडलं की तेच. खांद्यावर पडलं की तेच. तो खांदा पुढे कधी सरळ झाला नाही. मथुरी आईच्या लुगड्यात तोंड खुपसून ऐकत होती, आणि तिला वाटत होतं, हो म्हन ना बा, हो म्हन, घरी जाऊ.

मग दसऱ्याला नागपूर झालं. आणि त्यानंतर पाटलाचा पांढरा बैल मेला तेव्हा बोलावणं आलं आणि बाप गेला नाही. कुणीच गेलं नाही. बैल गोठ्यात पडून राहिला. गावावर वास चढला, आधी वरच्या आळीवर, मग खाली, मग त्यांच्याही घरात. आईने त्या वासात भाकरी थापल्या. पोरं नाकं धरून बसली तर तिने एकेकाचा हात नाकावरून ओढून खाली केला. खा, म्हणाली. पोटभर खा. आज हा वास आपला नाही. शेवटी पाटलाच्या पोरांनी तोंडाला फडकी बांधून, ओकत ओकत, स्वतः ओढलं ते. बाप दारात बसून पाहत होता. वाकडा खांदा, ताठ मान. आयुष्यभर मथुराबाई त्या वासावर जगल्या होत्या. लोकांना अत्तराची आठवण असते, त्यांना त्या सडक्या बैलाची होती. त्या आठवणीवर त्यांनी सून आणली, घर बांधलं, जीभ परजली. आपण मेलेलंही सोडलं, आणि जितं तर आपल्या हातून कधीच मेलं नाही. आणि आज दोन घास वरणभातात पोरीने दोन्ही परत आणून ठेवलं. आपण होऊन. शिकून. पगार घेऊन. पाटील जे खोटं बोलला ते तिने खरं करून दाखवलं.

बाहेर आल्या तेव्हा समीक्षा बॅगेची चेन लावत होती. मथुराबाईंनी तिच्या पाठीला विचारलं, "अजून कोन कोन करते हे काम तिथी?"

"सगळेच. माह्या बाजूच्या टेबलावर अभ्यंकर आहे."

"अभ्यंकर? बामन?"

"हो."

"बामनाचं पोरगं उंदरं फाडते?"

"माकडं पन. चांगला हात आहे त्याचा."

मथुराबाईंना हसू यायला हवं होतं. एरवी या बातमीवर त्यांनी कॉलनीभर चहा पाजला असता. "आन् घरी त्याच्या हातचं पानी पेतात?"

"पेतात ना. कायले नाही पेनार?" पोरगी वळली. आता तिच्या आवाजात धार होती, आणि ती धार कुणाची हे मथुराबाईंना ओळखायला वेळ लागला नाही. "त्याची आजी त सगळ्याइले सांगते, आमचा नातू शास्त्रज्ञ आहे."

"त्यानं केलं त शास्त्र आहे, बाई. आपन केलं त…" मथुराबाई थांबल्या. बबनरावांसारख्याच मधोमध थांबल्या.

"बोल ना. आपन केलं त काय?"

 उत्तर सगळ्या गावाला पाठ होतं, पण ते या तोंडाने कसं म्हणायचं? पोरगी पलंगाच्या कडेला बसली. आता तिचा चेहरा लहान दिसत होता, झोप नसल्यासारखा. "मलेही घान वाटते, आजी. तुले वाटते मले वाटत नाही. पहिल्या वर्षी मी दही-भातावर राह्यली. झटके येतात ना त्या पिल्लाइले, तसेच येतात, त्या पोराले आलते तसेच. घान वाटनं बंद झालं त मी सोडून देईन हे काम. पन आज तू गिलास खाली ठेवाले लावला." म्हणजे कळलं होतं तिला. "त्या अभ्यंकरच्या डब्यातलं मी खाते, माह्या डब्यातलं तो खाते. आन् घरी येऊन ठेव तिथी."

चार वर्षांचं पोरगं, पायात चपला. मथुराबाईंना ते दिसत होतं. गुलाबी पिल्लू, मिटलेले डोळे, तेही दिसत होतं. दोन्ही खरं होतं आणि कोणतंच दुसऱ्याला पुसत नव्हतं. त्या पोरीच्या जवळ गेल्या, अगदी जवळ, इतक्या की स्पिरिटचा वास नाकात भरला, आणि आयुष्यात कुणाला केली नव्हती अशी विनवणी त्यांनी हळूच केली. "एक सांगू? खोटं बोल. म्हन का सुई दुसरा देते. तू फक्त पाहते. म्हन एवढं. मी पेते पानी."

समीक्षाने मान वर केली. "मीच देते, आजी."

"अव म्हन ना वं, पोरी."

"मीच देते."

हो म्हन ना बा, घरी जाऊ. तोच खांब. पोरीने उठून बॅग अडकवली होती, डावा खांदा ओझ्याने वाकला होता आणि मान ताठ होती. मथुराबाईंना तिला एक मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि त्यांना कळेना की हा राग कुणावरचा आहे, कितव्या सालचा आहे. बापाने नाही म्हटलं कारण नाही खरं होतं. ही हो म्हणते कारण हो खरं आहे. मधे एवढं आयुष्य गेलं, आणि एवढाच फरक पडला.  

ऑटो आला. धम्मरत्न ऑफिसातून थेट ट्रॅव्हल्सवर भेटणार होता. शीला डबा घेऊन फाटकापर्यंत आली, डोळे सुजलेले, कोणाकडेच न पाहता. समीक्षाने आतून गडवा आणला, चिंचेने घासलेला, माठातल्या पाण्याने काठोकाठ भरलेला. नेहमी हे आत, देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेल्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर व्हायचं. मथुराबाई आत थांबल्या नाहीत. चप्पल घालून फाटकाबाहेर गेल्या आणि रस्त्यावर, बबनरावांच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. "इथी आन," म्हणाल्या.

पोरीने दोन्ही हातांनी गडवा पुढे केला. नखं कापलेली, स्वच्छ, कडांना पांढरी पडलेली. मथुराबाईंनी तो तिच्या हातांतूनच घेतला, बोटांना बोटं लागली, काठाला ओठ लावले. पितळेचा थंडपणा, चिंचेचा आंबूस वास, आणि मागून, खालून, नालीतून, ओढ्यावरून, गोठ्यातून, तो. त्यांनी तोंड भरून पाणी घेतलं. गाल फुगेपर्यंत घेतलं. आणि तिथेच ते थांबलं. घसा मिटला होता. त्यांनी किती जोर केला तरी उघडेना. त्यांनी गडवा परत दिला. समीक्षाने जिथे आजीचे ओठ लागले होते तिथेच ओठ लावून उरलेलं पिऊन टाकलं. मग तिने आजीच्या गळ्याकडे पाहिलं. जनावराचा गळा पाहून ते गिळतं आहे की नाही हे ओळखणं तिचं रोजचं काम होतं.  "जयभीम, आजी," म्हणाली, वाकली, गडवा आईच्या हातात दिला आणि ऑटोत बसली.

ऑटो कोपऱ्यावर वळला. मथुराबाई तोंड भरून उभ्या होत्या. नाली दोन पावलांवर होती, चुन्याने पांढरी झालेली. एक पिचकारी, की झालं. शीला पाठमोरी होती. कुणाला कळणार नव्हतं, आणि ज्या एकीला कळायला हवं होतं तिला कळून चुकलं होतं. पाणी तोंडात कोमट झालं, लाळेत मिसळलं, दाट झालं, आता ते पाणीही राहिलं नव्हतं.

"गेली का वो नात?" भिंतीवरून बबनराव. नवा खर्रा. "मोठी गुनाची पोरगी हाये, मथुराबाई. कायचं काम म्हनता तिचं, त्या पुन्याले?"

उत्तर द्यायचं तर तोंड रिकामं हवं. मथुराबाईंनी नालीकडे पाहिलं, मग बबनरावांकडे. त्यांचा तो सकाळचा, बिचारा, सावरून घेणारा चेहरा. डोळे मिटून त्यांनी घोट घेतला. तो आडवा गेला, अडला, सबंध छाती खरवडत खाली उतरला, त्याच्यासोबत घूस, चान्या, पांढरा बैल आणि डोळे न उघडलेलं ते सगळं उतरलं आणि पोटात जाऊन बसलं. डोळ्यांना पाणी आलं. पदराने ओठ पुसायला हात उठला, तो त्यांनी खाली घेतला.

"जनावरं मारते," त्या म्हणाल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "जिते. मंग फाडून आत पाहते. आमच्याकडच्याइले कसं, बबनराव, सवय असते."